बाईंची पट्टी

आमच्या दादाचा कान तयार आहे, असं अख्खा बाजार म्हणतो. आज नाही, पस्तीस वर्षं म्हणतोय. कुणी नवा स्पीकर घेतला की आधी दादाला ऐकवतो. कुणाच्या मुलीचं गाणं असलं की दादाला पहिल्या रांगेत बसवतात आणि मुलीकडे बघायचं सोडून त्याची मान कुठे हलते ते बघतात. त्या कानाबद्दल मला लिहायचं आहे. दादाबद्दल आजवर सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय, तेव्हा एकीने खरं सांगितलं तर बाजार काही ओस पडणार नाही.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आता साठीचा. बाजारात त्याला टेपवाला म्हणतात. दुकान दहा बाय चौदाचं, तिन्ही भिंतींना छतापर्यंत कॅसेटींचे खण, आणि मागे पडद्याआड एक अरुंद खोली, जिथे त्याची यंत्रं. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. आता पुढच्या काउंटरवर तो फोनची कव्हरं आणि हेडफोन विकतो. पण ऐन भरात त्याचा खरा धंदा होता कॅसेटी भरून देण्याचा. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन येत, आणि दादा मागच्या खोलीत रेकॉर्ड लावून ती कॅसेटवर उतरवून देई. हात नेटका, अक्षर सुरेख. कॅसेटच्या कागदावर त्याने लिहिलेली नावं लोक अजून जपून ठेवतात.

रविवारी दुकान बंद, पण शटर अर्धं वर, आणि आत बैठक. विषय एकच: नावाजलेल्यांपैकी कोण उगाच मोठा झालाय. त्यांच्या भाषेत अशा माणसाला ‘फुगा’ म्हणतात. रीत ठरलेली आहे. कुणीतरी एखादा गायक किंवा वादक पुढे करायचा, त्याचं गाणं लावायचं, प्रत्येकाने आपापलं मत द्यायचं, आणि शेवटी दादाने निकाल सांगायचा. त्या बैठकीतून आजवर कुणी सुटलेलं नाही. एक प्रसिद्ध गायक, ज्याचा आवाज मखमली म्हणून जग वेडं झालं, त्याला हे लोक नुसतं ‘मखमल’ म्हणतात आणि कापड जास्त, गाणं कमी असा त्याचा निकाल कधीच लागलाय. एक व्हायोलिनवाला आहे, तो यांच्या मते केसांवर चाललाय. एक गायिका दोन ओळींच्या मध्ये उसासा टाकते, तर मास्तरांनी एकदा तिचे उसासे मोजून आणले होते. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत म्हणून गायकांना गुण देत बसलेले. उचलली जीभ अन् लावली टाळूला. यातल्या एकालाही स्वतःला दोन सूर धड लावता येत नाहीत.

खोटं कशाला बोलू, वाद मलाही आवडतो. मखमलबद्दल माझंही मत तेच आहे, आणि उसासेवालीबद्दल मी मास्तरांशी कडाकडा भांडले असते. पण मला कुणी विचारलं नाही. ती बैठक पुरुषांची. मी दादाचा जेवणाचा डबा काउंटरवर ठेवायचे आणि परत फिरायचे.

फक्त एक नाव त्या बैठकीत कधी फुगा ठरलं नाही. त्या म्हणजे बाई. मागच्या पिढीतल्या गायिका, आता हयात नाहीत. त्यांच्या एका मैफलीच्या दोन रेकॉर्डींचा जोड निघाला होता, तो दादाकडे होता. ती कंपनी पुढे बंद पडली आणि रेकॉर्ड दुसरीकडे कुठे मिळेना. त्यामुळे साऱ्या बाजाराने बाई ऐकल्या त्या दादाने त्यावरून एकदा उतरवलेल्या कॅसेटवर, किंवा तिच्या नकलांवर. त्यातलं तिसरं गाणं वर वर चढत जातं आणि शेवटी अशा एका सुरावर थांबतं की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. तो सूर म्हणजे बैठकीचं माप. कुणाचाही निकाल द्यायची वेळ आली की दादा ती कॅसेट लावायचा आणि विचारायचा, हा पोचतो का इथे? कुणीच पोचत नसे. मग सगळे फुगे.

मी सतरा वर्षांची असताना माझा आवाज दादानेच हेरला, हे मला कबूल करायला हवं. आई-वडिलांना त्यात रस नव्हता. दादा म्हणाला, हिला मी घडवतो. दुसरा गुरू नको, बाईच गुरू. त्याने मला ती कॅसेट दिली आणि एक जुना टेप दिला. मी एकदा म्हटलं होतं की मूळ रेकॉर्ड ऐकव ना. तर म्हणाला, रेकॉर्ड सारखी लावायची नसते, सुई फिरली की ती झिजते. मी मान डोलावली. सहा वर्षं रोज पहाटे गच्चीवर जाऊन मी त्या कॅसेटबरोबर गायले. त्या शेवटच्या सुराला गळ्यात काहीतरी खरवडल्यासारखं व्हायचं आणि तोंडात रक्ताची चव यायची. दादा म्हणायचा, तयारी अशीच होते.

साथीला एक अकॉर्डियनवाला यायचा. पाप्याचं पितर, पण सुराला पक्का. तिसऱ्याच दिवशी तो म्हणाला की या कॅसेटीचा सूर माझ्या कुठल्याच पट्टीवर बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मधोमध पडतो, कॅसेटीतच काहीतरी गडबड आहे. दादाने त्याला ऐकवलं, नाचता येईना अंगण वाकडं. मी हसले. तो माणूस अकॉर्डियनच्या पट्ट्याला गाठ मारून निघून गेला, आणि मी हसले होते हे मला आजही बोचतं.

तेविसाव्या वर्षी रेडिओची स्वरपरीक्षा होती. बंद खोली, काचेपलीकडे तीन परीक्षक. मी तेच गाणं घेतलं, बाईंच्याच पट्टीत. शेवटच्या सुरावर आवाज फाटला. नुसता फाटला नाही, परत आलाच नाही. डॉक्टरांनी गळ्यात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की गाठी आहेत, वर्षानुवर्षं ताणल्याने झालेल्या. ऑपरेशन झालं. त्यानंतर माझा आवाज चाळणीतून आल्यासारखा येतो. फोनवर लोक मला ‘हां, बोला साहेब’ म्हणतात.

आणि बैठकीत काय निकाल लागला? दादा म्हणाला, बाईंची पट्टी सगळ्यांना झेपत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझा गळा गेला, आणि तो बाईंच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून जमा झाला.

तेव्हापासून मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. फारसं बोलावं लागत नाही म्हणून ते काम धरलं आणि एकोणतीस वर्षं तिथेच आहे. उणे दोनच्या जागी उणे सव्वादोनची काच गेली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. ‘जरासा फरक’ हे शब्द आमच्या खोलीत चालत नाहीत. लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथे सांगायची गरज नाही, त्याचा दोष दादावर टाकण्याइतकी मी अजून पोचलेली नाही.

हे सगळं गिळून मी बसले होते. पण यंदा वहिनी एका संध्याकाळी माझ्याकडे आली, चप्पलही न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ठकीचा आवाज सकाळी उठल्यावर तुझ्यासारखा येतो.

ठकी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, माझी भाची, एकोणीस वर्षांची. नाव वेगळं आहे, पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गाल फुगवून बसायची म्हणून मी ठकी ठेवलं, तेच चिकटलं. आवाज माझ्यापेक्षा चांगला. रेडिओची तीच परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तेच गाणं, तीच पट्टी. कॅसेट दादाने कॉम्प्युटरवर चढवून तिच्या फोनमध्ये घालून दिली होती.

मी ठकीला समजावलं. म्हटलं, दोन पट्ट्या खाली ये, नाहीतर गाणंच बदल, आधी डॉक्टरांना गळा दाखव. ती माझ्यावर चिडली नाही. माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, “आत्या, तुला नाही झेपलं, म्हणून मलाही झेपणार नाही असं नसतं ना गं.” हे बोलणं तिचं नव्हतं. तिला ते कुठून मिळालं ते मला पक्कं ठाऊक होतं. बाजारभर हेच आहे, की टेपवाल्याच्या बहिणीला जमलं नाही म्हणून ती जळते. मी कितीही घसा फोडला असता, आणि फोडायला आता घसाही नाही, तरी माझ्या शब्दाला किंमत नव्हती. ठकी थांबली असती ती फक्त तिच्या बाबाच्या शब्दावर.

म्हणून त्या रविवारी मी दुकानात गेले. डबा द्यायला नव्हे, दादाला सांगायला की पोरीला डॉक्टरकडे ने. बैठक रंगात आली होती. मास्तर मखमलला गुण देत होते. तेवढ्यात शेजारच्या घड्याळवाल्याने आपला फोन पुढे केला. घड्याळवाला बैठकीत सगळ्यात कमी बोलणारा. तीस वर्षं तो नुसता ऐकत आलाय आणि घड्याळाकडे बघत आलाय. तो म्हणाला की कुणीतरी बाईंचा तो रेकॉर्डींचा जोड नेटवर चढवलाय, मला मुलीने पाठवला, ऐका. आणि त्याने तिसरं गाणं लावलं.

बाईच होत्या, गाणं तेच होतं, पण बाई जणू खाली बसून गात होत्या. सावकाश, भरदार, कुठे धडपड नाही. तो शेवटचा सूर आला आणि गेला, कुणाचा श्वास अडकला नाही. मास्तर म्हणाले, थकलेल्या वाटतात. दादा लगेच म्हणाला, कुणीतरी गाणं हळू केलंय, नेटवर हल्ली काय वाट्टेल ते करतात. घड्याळवाला मान खाली घालून म्हणाला, “इथे साडेसहा मिनिटं भरतात. तुझ्या कॅसेटवर बरोबर सहा. मी कितीतरी वेळा लावलंय घड्याळ.” दादा म्हणाला, तेच तर सांगतोय, हळू केलंय. सगळ्यांचं समाधान झालं आणि गाडी पुन्हा मखमलवर आली.

माझं झालं नाही. मी दादाकडे बघत होते. लहानपणी याच्या हातून काही फुटलं की हा फुटलेल्या वस्तूकडे कधी बघत नसे, भलतीकडेच बघत बसायचा. त्या वेळी तो मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघत होता.

सोमवारी दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा वहिनीने मला दुकानाच्या मागच्या दाराची किल्ली दिली. रेकॉर्ड लावायचं यंत्र टेबलावर होतं, वर मेणकापड टाकलेलं. ते मी सरकवलं. यंत्राच्या कडेला वेग कमीजास्त करायची गुंडी असते. त्या गुंडीभोवती पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेपाशी आकडा होता. बासष्ट. त्रेसष्ट. पासष्ट. तेच सुरेख अक्षर.

आधी मला अर्थ लागेना. मग वरच्या खणातून बाईंच्या रेकॉर्डी काढल्या. पाकिटाच्या मागे छापलं होतं, चारही बाजू मिळून पासष्ट मिनिटं. आणि तेव्हा उमगलं. गिऱ्हाइकं आणत साठ मिनिटांची कॅसेट, कारण ती सगळीकडे मिळायची. साठच्या कॅसेटमध्ये पासष्ट मिनिटं बसत नाहीत, गाणं शेवटाला तुटतं. म्हणून आमचा तयार कानाचा दादा रेकॉर्डच जरा जोरात फिरवायचा. पासष्टची साठ झाली की बसलं सगळं चपखल. आणि रेकॉर्ड जोरात फिरली की आवाज आपोआप वर चढतो. मी गुंडी शून्यावर ठेवून तिसरं गाणं लावलं. घड्याळवाल्याच्या फोनमधल्याच बाई. मग गुंडी पासष्टवर नेली. माझी सहा वर्षं त्या खोलीत वाजायला लागली.

जवळजवळ दीड पट्टीचा फरक. जी उंची गाठायला मी गळा फाडला, तिथे बाई कधी गायल्याच नव्हत्या. कुणीच गायलं नव्हतं. मी खाली फरशीवर बसले. रडू आलं नाही, राग आला, आणि तो इतका होता की मी ती रेकॉर्ड हातात घेऊन गुडघ्यावर मोडणार होते. मग वाटलं, हिने काय केलंय? ती बिचारी बरोबर गातेय. मी तिला पाकिटात घातलं आणि जागेवर ठेवलं.

पुढचा रविवार उजाडेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. दादाला घरी गाठून खडसावता आलं असतं. पण एकांतात तो काय करेल ते मला माहीत होतं. हो म्हणेल, हात जोडेल, आणि ठकीला सांगायचं उद्यावर टाकेल. म्हणून मी ठकीला घेऊन बैठकीत गेले. तिला सांगितलं, बाबा एक गंमत दाखवणार आहेत. आम्ही दोघी आत आलो तेव्हा मास्तर म्हणाले, आज महिलामंडळ कसं काय? मागच्या खोलीतून यंत्र उचलून आणलं आणि काउंटरवर फोनच्या कव्हरांवरच ठेवलं. दादा उठला. मी म्हटलं, बस.

मी रेकॉर्ड लावली, गुंडी पासष्टवर. सगळ्यांना ओळखीच्या बाई भेटल्या, मास्तरांनी तर सवयीने डोळे मिटले. मग गाणं चालू असतानाच मी गुंडी शून्यावर आणली. बाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दीड पट्टी खाली उतरल्या. मास्तरांचे डोळे उघडले. मी सुई उचलली आणि दादाला म्हटलं, “या खुणा कशाच्या आहेत ते ठकीला सांग.”

तो आधी म्हणाला, हे काय लावलंस लोकांसमोर. मग म्हणाला, धंद्यात असं करावं लागतं, सगळेच करायचे. मी म्हटलं, ते मला नको सांगू, पोरीला खुणा सांग. तेव्हा कुठे तो बोलला. “साठच्या कॅसेटमध्ये बसवायचं होतं. गाणं मध्येच तुटलं की लोक कॅसेट परत आणायचे. एवढ्याशा फरकाने कुणाचं काय बिघडतं, असं वाटलं.”

“गिऱ्हाइकांचं जाऊ दे. मी घरातली होते. मला रेकॉर्ड का नाही ऐकवलीस?”

“झिजली असती,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण त्याने तोंडावरून हात फिरवला. रेकॉर्ड झिजू नये म्हणून याने मला नक्कल दिली, आणि ती नक्कल गाठता गाठता मी झिजले. रेकॉर्ड अजून कोरी करकरीत आहे.

मी विचारलं, तुला कधी कळलं? मला वाटलं होतं, आत्ता, गेल्या रविवारी. तो खुणांकडे बघत म्हणाला की तुझ्या ऑपरेशनच्या आठवड्यात. घरात करमत नव्हतं म्हणून दुकानात येऊन मूळ रेकॉर्ड लावली, तेव्हा. एकोणतीस वर्षं. एकोणतीस वर्षं हा माणूस दर रविवारी तीच कॅसेट लावून जगातल्या मोठमोठ्या गाणाऱ्यांना फुगे ठरवत होता, आणि त्याला ठाऊक होतं. आणि माझ्या हातचा डबा खात होता.

“तुला सांगून तुझा गळा परत आला असता का?” त्याने विचारलं. हे त्याने खरोखर विचारलं, माझ्या तोंडावर.

“माझा नसता आला,” मी म्हटलं. “हिचा वाचला असता.”

ठकी इतका वेळ कॅसेटींच्या खणाला टेकून उभी होती. ती पुढे आली. तिचा आवाज सकाळचाच होता, घोगरा. ती म्हणाली, “माझ्या की-बोर्डचं सुराचं बटण तुम्हीच वर चढवून दिलंत ना, बाबा? कॅसेटीशी जुळावं म्हणून?” दादाने मान हलवली. “मग मला कधी सांगणार होतात?”

“तू पोचत होतीस ना,” दादा म्हणाला.

मला वाटलं, आता तरी यातला एखादा उठेल आणि दादाला दोन शब्द सुनावेल. मास्तर घसा खाकरून म्हणाले, म्हणजे या हिशोबाने बाईसुद्धा फुगाच म्हणायच्या.

तेव्हा माझा तोल गेला. जो काही आवाज माझ्याकडे उरलाय तो सगळा मी मास्तरांवर काढला. म्हटलं, बाई त्यांच्या पट्टीत नीट गात होत्या, मास्तर. त्यांना फुगवलं तुम्ही, या गुंडीने आणि तुमच्या मानांनी. तीस वर्षं भलत्याच मापाने माणसं मोजलीत, त्यात मी एक, आणि आज माप खोटं निघालं तरी तुम्हाला मोजायचंच आहे. एकीचा गळा गेला, दुसरीचा जायला आलाय, आणि तुम्ही गुण काय देताय. आवाज मध्येच दोनदा बसला, तरी मी थांबले नाही. घड्याळवाला उठला, त्याने शटर पूर्ण वर केलं, आणि एकेक जण वाकायची गरज नसतानाही वाकून बाहेर पडला.

ठकीला मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. आता आरसा नसतो, बारीक कॅमेरा नाकातून घालतात आणि पडद्यावर दाखवतात. सूज होती, गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने ताणलं असतं तर झाली असती. महिनाभर मौन, गाणं दूरच, कुजबुजायचंही नाही. परीक्षा हुकली. ठकीने ते ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहून विचारलं, पुढची कधी असते? वर्षाने, मी म्हटलं. तिने पाटी पुसली.

तो महिना दादा दुकानात फारसा बसला नाही. बैठक बंद पडली, म्हणजे मास्तरांच्या ओट्यावर हलली. दादा दोनदा माझ्या कामाच्या ठिकाणी आला, काउंटरपाशी उभा राहिला, एकदा चष्म्याची फ्रेम ढिली झालीय म्हणाला. मी स्क्रू घट्ट करून दिला. माफी मागितली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. त्याने मागितली नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही. लोक सांगतात, रक्ताचं नातं आहे, सोडून दे. मी सोडलेलं नाही.

महिना संपल्यावर डॉक्टरांनी ठकीला गायची परवानगी दिली, दिवसातून दहा मिनिटं. ती म्हणाली, आत्या, तू ये. दादाच्याच घरी, पुढच्या खोलीत. वहिनी दाराशी, दादा खिडकीजवळच्या खुर्चीत, मी जमिनीवर. की-बोर्डमागचं बटण ठकीने आधीच शून्यावर आणलेलं होतं. तिने तेच तिसरं गाणं घेतलं, मूळ रेकॉर्डच्या पट्टीत. पहिली ओळ आली, आणि मला कळलं की मी हे गाणं आयुष्यात प्रथमच माणसाच्या गळ्यातून ऐकतेय. कुठे ओढ नाही, शीर ताणलेली नाही. शब्दसुद्धा ऐकू येत होते. त्या शब्दांना काही अर्थ आहे हे सहा वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, सगळा जीव शेवटच्या सुरात अडकलेला.

तोंडातल्या तोंडात नकळत मीही ती ओळ धरली. फाटक्या आवाजातच, पण धरली. ती माझ्या गळ्यात बसली. बावन्नाव्या वर्षी, ऑपरेशन झालेल्या गळ्यात बसली. म्हणजे सतराव्या वर्षी तर आरामात बसली असती.

ठकी ओळ संपवून थांबली. दादाचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं आणि मला क्षणभर वाटलं की आता हा बोलेल. तो बोललाच. खुर्चीत जरा पुढे सरकला, मान त्याच जुन्या ऐटीत एका बाजूला कलती केली आणि म्हणाला, “छान आहे. फक्त थोडं वरून घेऊन बघ ना.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वहिनीने कपाळाला हात लावला. मी उठणार होते, काय बोलणार होते देव जाणे. पण ठकीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नाही बाबा,” ती म्हणाली. आणि दुसरी ओळ तिने होती तिथूनच सुरू केली.